दुःखाच्या वेळी नेत्याने काय बोलावे?

भोसरी, मोशी, चऱ्होली, आळंदी, देहू या पट्ट्यात कुणाच्या घरी मृत्यू झाला की दहाव्या दिवशी सकाळी माणसे घाटावर जमतात. प्रवचन होते. पिंडाला कावळा शिवेपर्यंत सगळे थांबतात. मग सूत्रसंचालक एकेकाचे नाव पुकारतो आणि नगरसेवक, पतसंस्थेचे चेअरमन, कामगार संघटनेचे पदाधिकारी, कधी आमदार-खासदारही पुढे येऊन चार शब्द बोलतात. शेतांच्या जागी कारखाने आले, वाड्यांच्या जागी इमारती आल्या, तरी दशक्रियेला श्रद्धांजलीपर भाषण करण्याचा हा रिवाज उत्तर पुणे जिल्ह्यात मोडलेला नाही.

या भाषणांची थट्टा भरपूर होते. ‘कुटुंबावर दुःखाचा डोंगर कोसळला’ आणि ‘ईश्वर मृतात्म्यास शांती देवो’ ही दोन वाक्ये कोणत्याही घाटावर ऐकू येतात. पण जमलेली माणसे मुकाट्याने पारख करत असतात. वक्त्याला गेलेला माणूस ठाऊक होता का? त्याने विहिरीचे पाणी कुणाला दिले, कुणाच्या पोराला कंपनीत चिकटवले, हे तो सांगतो का? मागे राहिलेल्यांचे कोण बघणार, याबद्दल काही बोलतो का? की स्वतःच्या विकासकामांवर घसरतो? घसरला की लोक चपला शोधू लागतात.

एखाद्या मृत्यूची झळ घराबाहेर, गावाबाहेर जाऊन राज्याला किंवा देशाला लागते, तेव्हा हीच पारख मोठ्या प्रमाणावर होते. भूकंप, बॉम्बस्फोट, हत्या, महासाथ अशा प्रसंगी लोक पंतप्रधानांच्या किंवा मुख्यमंत्र्यांच्या तोंडाकडे पाहतात. त्या एका भाषणाने मेलेला माणूस परत येत नाही, ढिगारा उपसला जात नाही. तरीही ते भाषण झाले नाही तर लोकांना चुकल्यासारखे वाटते आणि वाईट झाले तर खुर्ची जाते. शब्दांत एवढे बळ येते कुठून?

शोक एकट्याचा नसतो

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम याने १९१२ मध्ये धर्मजीवनाविषयी लिहिलेल्या ग्रंथात शोकविधींचा बारकाईने विचार केला. त्याचे म्हणणे असे, की माणूस गेल्यावर रडणे ही नुसती आतून येणारी उमाळ्याची गोष्ट नाही. समाज ते कर्तव्य म्हणून लावून देतो. एक माणूस कमी झाल्याने समूह दुबळा झाल्याची भावना येते. मग सगळे एकत्र येतात, एकत्र रडतात आणि त्या एकत्र येण्यातूनच समूहाला पुन्हा बळ वाटू लागते. आपला दहावा-तेरावा याच कामाचा आहे.

पण कोट्यवधी लोकांचा देश एका घाटावर जमू शकत नाही. रेडिओ आणि नंतर दूरदर्शन यांनी ती जागा घेतली, आणि प्रवचनकार व वडीलधारा या दोघांची भूमिका नेत्याच्या गळ्यात आली. अमेरिकेतल्या कार्लिन कॅम्पबेल आणि कॅथलीन जेमिसन या दोन अभ्यासक महिलांनी राष्ट्राध्यक्षांच्या अशा भाषणांचा स्वतंत्र प्रकारच मानला आहे. त्यांच्या मते अशा वेळी राजकारणी तात्पुरता पुरोहित होतो. घडलेल्या गोष्टीचा अर्थ लावणे, गेलेल्यांचा मान राखणे आणि देश खचलेला नाही हे सांगणे ही कामे त्याला करावी लागतात.

ही कामे ऐकायला सोपी आहेत. प्रत्यक्षात ती कशी होतात आणि कुठे फसतात, हे महाराष्ट्राच्या अनुभवातून चांगले कळते.

३० जानेवारी १९४८ची रात्र

भारतातल्या अशा भाषणांचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे गांधीजींच्या हत्येनंतर पंडित नेहरूंनी आकाशवाणीवरून केलेले भाषण. शुक्रवारी संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास गोळ्या झाडल्या गेल्या. फाळणीच्या दंगलींची राख अजून गरम होती. मारेकरी मुसलमान असल्याची अफवा पसरली असती तर त्या रात्री देशभर किती कत्तली झाल्या असत्या, याची कल्पना करवत नाही. म्हणून रेडिओवर बातमी देतानाच मारेकरी हिंदू असल्याचे सांगितले गेले. सांत्वनाच्या आधी माहिती आली आणि तिने असंख्य जीव वाचवले.

नंतर नेहरू बोलले. हाती लिहिलेला मजकूर नव्हता. ते हिंदीत आणि इंग्रजीत बोलले. आपल्या आयुष्यातला प्रकाश गेला, असे त्यांनी आरंभी म्हटले आणि त्याच भाषणात स्वतःचे वाक्य मागे घेतले: तो प्रकाश साधा नव्हता, तो पुढेही राहणार आहे, अशा अर्थाचे ते बोलले. या भाषणाची आठवण निघाली की एवढेच सांगितले जाते. पण उरलेला भागही तितकाच महत्त्वाचा आहे. हे कृत्य एका माथेफिरूचे आहे, पण देशात विष पसरले आहे आणि ते काढायचे तर त्या माथेफिरूच्या पद्धतीने काढता येणार नाही, असे त्यांनी बजावले. पार्थिव काही दिवस जपून ठेवावे अशी सूचना आली होती. गांधीजींची स्वतःची इच्छा तशी नव्हती, म्हणून ती मानली नाही, हेही सांगितले. दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रा किती वाजता निघेल, यमुनेकाठी दहन किती वाजता होईल, याची वेळ दिली. जे दिल्लीत नाहीत त्यांनी उपवास करावा आणि त्या वेळेला जवळच्या नदीवर किंवा समुद्रावर जाऊन प्रार्थना करावी, असे सुचवले.

रडणाऱ्या माणसाला काहीतरी करायला हवे असते. नेहरूंनी देशभरच्या माणसाला एक वेळ दिली, एक जागा दिली आणि एक काम दिले.

तरीही या भाषणाची मर्यादा दिसली ती आपल्याच महाराष्ट्रात. मारेकरी नथुराम गोडसे पुण्याचा आणि ब्राह्मण आहे हे कळल्यावर पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांवर हल्ले झाले, सातारा-सांगली-कोल्हापूर भागात घरे जाळली गेली. सुडाच्या मार्गाने जाऊ नका हे दिल्लीहून आलेले शब्द त्या गल्ल्यांपर्यंत पोचले नाहीत. त्या काळात साने गुरुजींनी प्रायश्चित्त म्हणून २१ दिवसांचे उपोषण केले. ते मंत्री नव्हते, त्यांच्याकडे सत्ता नव्हती. पण द्वेषाची लाज समाजाने स्वतःवर घ्यावी हे सांगायला त्यांनी भाषणाऐवजी स्वतःचे शरीर पणाला लावले. राष्ट्रीय भाषण कितीही थोर असले तरी स्थानिक माणसाने ते आपल्या अंगावर घेतल्याशिवाय गावात उतरत नाही, हा १९४८चा धडा आहे.

खोटे बोलून सांत्वन?

१२ मार्च १९९३ची घटना याहून अवघड प्रश्न उभा करते. आधीच्या डिसेंबर-जानेवारीत मुंबई दंगलींत होरपळली होती. शरद पवार मुख्यमंत्री होऊन आठवडाही झाला नव्हता. शुक्रवारी दुपारी शेअर बाजारापासून सुरुवात होऊन १२ ठिकाणी स्फोट झाले. २५७ माणसे मेली. पवार दूरदर्शनवर आले आणि प्रत्यक्षापेक्षा एका जास्त ठिकाणी स्फोट झाल्याचे त्यांनी सांगितले. ते जादा ठिकाण होते मशीद बंदर. तिथे स्फोट झालाच नव्हता.

पवारांनी ही गोष्ट पुढे उघडपणे कबूल केली. स्फोटांची सगळी ठिकाणे हिंदूबहुल भागांत होती. फक्त एकाच समाजाला लक्ष्य केले आहे असे लोकांना वाटले असते तर पुन्हा दंगल पेटली असती, म्हणून मुद्दाम मुस्लिम वस्तीचे नाव घातले, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे. त्या रात्री मुंबईत दंगल उसळली नाही. सोमवारी शेअर बाजार उघडला.

हे योग्य होते का? त्या एका रात्रीपुरता विचार केला तर पवारांच्या बाजूने बोलणारे पुष्कळ सापडतील, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्यही आहे. पण १९४८ शेजारी ठेवून पाहिले तर फरक कळतो. त्या वेळी सत्य सांगून दंगल टाळली गेली, १९९३ मध्ये असत्य सांगून. दुसरा मार्ग फार तर एकदाच वापरता येतो. आजच्या मोबाइलच्या काळात तर मशीद बंदरचा दुकानदार पाच मिनिटांत रिकाम्या रस्त्याचे चित्रण टाकेल आणि त्यानंतर सरकारने सांगितलेली खरी गोष्टही कुणी मानणार नाही. शोकात बुडालेले लोक नेत्यावर डोळे मिटून विश्वास टाकतात, म्हणूनच त्या विश्वासाशी खेळ महागात पडतो.

किल्लारी: भाषणाआधी हजेरी

त्याच वर्षी ३० सप्टेंबरला पहाटे तीन वाजून ५६ मिनिटांनी लातूर-उस्मानाबाद भाग हादरला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बुडवून माणसे झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे जड माळवद अंगावर आले. आठ ते दहा हजार माणसे गेली. किल्लारी आणि सास्तूर ही नावे जगाला कळली.

भोसरीच्या दृष्टीने ही दूरची घटना नव्हती. लातूर, उस्मानाबाद, बीड, नांदेडकडची माणसे पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत कामाला येत आली आहेत. भोसरीतल्या कित्येक खोल्यांचे गाव मराठवाड्यात असते. अशा माणसाला दुःखाच्या वेळी दोनच गोष्टी हव्या असतात: तिकडची खरी बातमी आणि तिकडे कुणीतरी जबाबदार माणूस पोचल्याची खात्री.

मुख्यमंत्री पवार त्याच दिवशी सकाळी तिथे पोचले आणि पुढे मुक्काम ठोकून राहिले. या दुर्घटनेतले त्यांचे एखादे गाजलेले भाषण कुणाला आठवत नाही. आठवते ते त्यांचे तिथे असणे. जुलै २०२१ मध्ये कोकणातल्या पूर आणि दरडींच्या वेळी नेत्यांनी दौरे टाळावेत असे आवाहन करताना पवारांनी किल्लारीचा दाखला दिला. पंतप्रधान नरसिंह राव येऊ इच्छित होते, त्यांना आपण दहा दिवसांनी या असे सांगितले, कारण पंतप्रधान आले की यंत्रणा ढिगारे सोडून बंदोबस्तात अडकते, असे त्यांनी सांगितले. सांत्वन करायला जाण्यालाही वेळ असते. चुकीच्या वेळी गेलेला नेता मदतीच्या वाटेत उभा राहतो.

भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. त्या घरांविषयी तक्रारी होत्या, आजही आहेत. पण शब्दामागे काम उभे राहिले, म्हणून शब्दांची आठवण कडू झाली नाही.

एका वाक्याने गेलेली खुर्ची

२६ नोव्हेंबर २००८च्या मुंबई हल्ल्यात १६६ जणांचे प्राण गेले. गृहमंत्री आर. आर. पाटील, म्हणजे महाराष्ट्राचे आबा, पत्रकारांशी बोलताना म्हणून गेले, की एवढ्या मोठ्या शहरात असे छोटे-मोठे प्रसंग घडतातच. वाक्य हिंदीत होते आणि एका लोकप्रिय चित्रपटाच्या संवादाच्या वळणाचे होते. पाच दिवसांत, १ डिसेंबरला, त्यांना राजीनामा द्यावा लागला.

आबा काही बोलायला अडखळणारे नेते नव्हते. अंजनीसारख्या खेड्यातून आलेला, ग्रामस्वच्छता अभियान गावागावांत नेणारा हा माणूस सभेत हुकमी हशा आणि टाळ्या घेई. त्यांचा हेतू कदाचित धीर देण्याचा असेल: घाबरू नका, शहर यातून उठेल. पण त्यांनी धीर देताना दुःख लहान केले. शोकात असलेल्या माणसाला ‘फार मोठे काही झाले नाही’ हे ऐकणे म्हणजे आपल्या माणसाचा अपमान वाटतो. घटनेचे मोठेपण आधी मान्य करावे लागते, त्यानंतरच धीराचे शब्द आत जातात. क्रम चुकला की चांगला हेतूही वाचवत नाही. पुढच्या वर्षीच्या निवडणुकीनंतर आबा पुन्हा गृहमंत्री झाले, पण ते वाक्य त्यांच्या नावाला कायमचे चिकटून राहिले.

याच्या उलट उदाहरण न्यूझीलंडचे. १५ मार्च २०१९ला ख्राइस्टचर्चमधील मशिदींवरच्या हल्ल्यात ५१ माणसे मेली. पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी मेलेल्यांना ‘आपली माणसे’ म्हटले आणि मारेकऱ्याचे नाव आपल्या तोंडून निघणार नाही असे संसदेत जाहीर केले. महिन्याच्या आत, १० एप्रिलला, बंदुकांवरचा कायदा कडक झाला. शब्द आणि कायदा यांच्यात अंतर राहिले नाही. अमेरिकेत २८ जानेवारी १९८६ला चॅलेंजर यान फुटले तेव्हा अध्यक्ष रेगन यांनी त्या संध्याकाळचे मोठे वार्षिक भाषण पुढे ढकलले आणि चार-पाच मिनिटेच बोलले. सातही अंतराळवीरांची नावे घेतली. त्यांत एक शिक्षिका होती आणि देशभरातली मुले वर्गात बसून ते उड्डाण पाहत होती, म्हणून त्या मुलांशी ते वेगळे बोलले. ते भाषण पेगी नूनन यांनी लिहून दिले होते. लिहून दिलेले भाषणही खरे वाटू शकते. ऐकणारा कोण आहे हे लिहिणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे.

‘आपण’ कोण?

करोनाच्या साथीत, २०२० साली मार्चपासून मुख्यमंत्री उद्धव ठाकरे पडद्यावरून राज्याशी बोलू लागले. त्यांच्याकडे प्रशासनाचा अनुभव नव्हता, मुख्यमंत्री होऊन चार महिने झाले होते. आवाज चढवणे नाही, हातवारे नाहीत; घरातल्या वडीलधाऱ्याने ओसरीवर बसून समजावावे तसे बोलणे. ते घरात बसून कारभार करतात, ही विरोधकांची टीका होतीच. पण अनेक मराठी घरांत त्या संथ बोलण्याने भीती थोडी उतरली, हेही खरे. शब्दांमागे कामही दिसले: पिंपरी-चिंचवडमध्ये पुढे नेहरूनगरच्या अण्णासाहेब मगर स्टेडियमवर जम्बो रुग्णालय उभे राहिले.

मात्र २४ मार्चच्या रात्री पंतप्रधानांनी चार तासांच्या सूचनेवर देश बंद केला, तेव्हा भोसरी-चाकणच्या शेडमधला ठेकेदारी हेल्पर वेगळ्या परिस्थितीत होता. ‘घरात राहा’ हे वाक्य ज्याच्याकडे घर आहे त्याच्यासाठी असते. एका खोलीत पाच-सहाजण, हजेरी बंद, ठेकेदाराचा फोन बंद. तुम्ही इथे सुरक्षित आहात, असे सरकार सांगत होते. खोलीमालक भाडे मागत होता. माणसे चालत निघाली. ८ मे २०२० रोजी औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. ते जालन्यातल्या पोलाद कारखान्यातले, मध्य प्रदेशचे. त्यांना एकाही भाषणाने थांबवले नाही, कारण एकाही भाषणातल्या ‘आपण’मध्ये त्यांना स्वतःची जागा दिसली नव्हती.

सांत्वनाच्या भाषणात ‘आपण’ हे सर्वांत महाग पद आहे. कोण आत आणि कोण बाहेर, हे त्याने ठरते. औद्योगिक पट्ट्यात हा प्रश्न वरचेवर पडतो. ८ डिसेंबर २०२३ला तळवड्यात केकवर लावायच्या फुलबाजी मेणबत्त्या बनवणाऱ्या शेडला आग लागली आणि त्यात अनेक कामगारांचा मृत्यू झाला, बहुतेक महिला. अशा वेळी शोकसंदेश येतात, मदतीचे आकडे जाहीर होतात. देशाला उद्देशून कुणी बोलत नाही. इथले लोक अशा वेळी भाषण मोजत नाहीत. वारसाला नोकरी लागली का, भरपाईचा चेक वटला का, शेजारच्या शेडची तपासणी झाली का, हे ते विचारतात.

उचल आणि फेड

एमआयडीसीतला कामगार ‘उचल’ म्हणजे काय ते जाणतो: पगाराआधी घेतलेले पैसे, जे पुढे कामातून फिटतात. सांत्वनाचे भाषण ही नेत्याने घेतलेली अशीच उचल असते. लोक त्या दिवशी त्याला विश्वास आगाऊ देतात. फेड पुढच्या वर्षांत करायची असते.

भोसरीवरून जाणारा पुणे-नाशिक रस्ता मंचरला जातो. तिथून घोडेगावच्या पुढे डिंभे धरणाच्या भागात माळीण आहे. ३० जुलै २०१४ला डोंगर खचून ते गाव गाडले गेले, १५१ माणसे गेली. त्या आठवड्यात नेत्यांची रीघ लागली, आश्वासने दिली गेली. नवे गाव २०१७च्या एप्रिलमध्ये गावकऱ्यांच्या हाती आले, आणि जूनच्या पहिल्या पावसात तिथले रस्ते खचले. माळीणकरांना २०१४चे एकही भाषण आठवत नसेल, पण खचलेला रस्ता आठवतो.

म्हणून पुढच्या दुर्घटनेनंतर एखादा नेता बोलायला उभा राहील तेव्हा ऐकणाऱ्याने काही गोष्टी तपासाव्यात. काय घडले ते त्याने खरे सांगितले का? गेलेल्या माणसांची नावे घेतली की नुसता आकडा? दुःख लहान केले का? ‘आपण’ म्हणताना ठेकेदाराचा मजूर, परप्रांतीय, दुसऱ्या धर्माचा शेजारी त्यात धरला का? आणि कोणते काम कधीपर्यंत होईल, याची तारीख दिली का? भाषण चांगले वाटले तर जरूर डोळे पुसावेत. पण तारीख वहीत लिहून ठेवावी आणि त्या दिवशी त्या नेत्याला चारचौघांत विचारावे.